दोन बोटांची वाट

बोअरमध्ये पडलेली मोटर काढणं हा माझा धंदा. बाभुळगाव आणि आसपासच्या गावांत चाळीसेक वर्षं मी तो केला. जमिनीत वीतभर रुंदीचं भोक, दोनशे-अडीचशे फुटांवर तुटून पडलेली मोटर, आणि वर उभा राहून दोराला लोखंडी गळ बांधून तिला चाचपणारा मी. एक हातभर लांबीचा आरसा जवळ असायचा. त्यानं ऊन पकडून भोकात सोडलं की काही अंतरापर्यंत दिसतं. त्याच्या खाली फक्त हाताला कळतं. लोक मला प्रभाकर मिस्त्री म्हणतात आणि माझा स्वभाव गर्विष्ठ आहे असंही म्हणतात. दोन्ही खरं आहे.

हे सांगायचं कारण असं की माझ्या उजव्या फुफ्फुसाचा एक भाग कॅन्सरच्या गाठीसकट काढला, तोही अशाच एका लहानशा भोकातून. तेव्हा मला त्र्याहत्तरावं चालू होतं. ज्यांच्या घरात आत्ता नुकताच असा रिपोर्ट आला आहे आणि 'या वयात कशाला कापाकापी' अशी चर्चा चालली आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. डॉक्टरी मला कळत नाही. जे झालं तेवढं सांगतो, माझ्या मूर्खपणासकट. खरं तर मूर्खपणाच आधी सांगायला हवा, पण तो मधे घडला.

मोटर कोणाची पडली

एका कामावर लोखंडी पाइप निसटला आणि बरगडीवर बसला. दुखणं थांबेना म्हणून माझा मुलगा मंगेश मला यवतमाळला घेऊन गेला. तो तिथे औषधांच्या दुकानात कामाला आहे, त्याला डॉक्टर ओळखतात. एक्स-रे काढला. बरगडी शाबूत होती, पण तिच्या मागे फुफ्फुसावर एक डाग होता. आधी टीबी असेल म्हणून थुंकी तपासली. टीबी नव्हता. मग स्कॅन झाला, मग पाठीतून सुई घालून तुकडा काढला. आठ दिवसांनी बोलावलं.

त्या दिवशी डॉक्टर सगळं मंगेशला सांगत होते. मी त्याच्या शेजारी बसलो होतो, तरी त्यांची नजर काही माझ्याकडे येईना. इंग्रजी शब्द हळू आवाजात जात-येत होते आणि मंगेशचं तोंड उतरत चाललं होतं. शेवटी मी म्हणालो, "साहेब, ज्याच्या बोअरमंदी मोटर पडली त्याले सांगा ना. याच्या नाई पडली, माया पडली."

डॉक्टरांनी खुर्ची वळवली. "काका, कॅन्सर आहे," ते म्हणाले. "लहान आहे आणि एका जागी आहे असं दिसतंय. नागपूरला दाखवा. उशीर करू नका."

मी घाबरलो. लोक लिहितात की धीर धरला, मनाशी ठरवलं; मी तसं काही केलं नाही. परत येताना मंगेशच्या मोटरसायकलवर मागे बसलो तेव्हा त्याच्या खांद्याला धरलं. तो लहान असताना मी त्याला पुढे टाकीवर बसवायचो. तेव्हापासून आम्ही एकमेकांना हात लावला असेल असं मला आठवत नाही. त्यानं गाडी हळू चालवली.

घरी सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. मग कोनाड्यातला बिड्यांचा कट्टा उचलला, मोरीत नेला आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पन्नास वर्षांत ती यावरून इतकं बोलली होती की आता बोलायला काही उरलंच नसावं.

दोन दिवसांनी नेरहून तिचा भाऊ आला. त्यानं अंगणात खाटेवर बसून सांगितलं, "भाऊजी, गाठीले लोखंड लावू देऊ नोका. सुरी लागली का ते चवताळते. मंग अंगभर फिरते." नेरमध्ये कोणाचं काय झालं, हेही त्यानं रंगवून सांगितलं. सुमनच्या मनात ते रुतून बसलं. त्या दिवसापासून नागपूरचं नाव निघालं की ती उठून आत जायची.

माझ्याच छातीत उतरलो

नागपूरच्या डॉक्टरबाई चाळिशीच्या होत्या. हात लहान, बोलणं सरळ. त्यांनी माझ्या स्कॅनचे फोटो कॉम्प्युटरवर लावले आणि चाकासारखं काहीतरी बोटानं फिरवलं. पडद्यावर माझी मान दिसली. मग खांदे, मग छाती. चाक फिरत गेलं तसा मी माझ्याच आत वरून खाली उतरत गेलो. बरगड्यांची कडी, मधे हृदय, दोन्हीकडे काळी मोकळी जागा आणि तिच्यात झाडाच्या फांद्यांसारख्या पांढऱ्या नसा.

"थांबा," मी म्हणालो. "पुन्हा वरून न्या."

त्यांनी नेलं. मी तीन वेळा बघितलं. जन्मभर मी आंधळ्यासारखा वर उभा राहून खालचं ओळखत आलो. आणि इथे एक बाई खुर्चीत बसून माझ्या छातीच्या तळापर्यंत जाऊन परत येत होती. मला आजाराचा विसर पडला, खोटं नाही सांगत. मग चाक थांबलं आणि त्यांनी पेन्सिलीचं टोक एका पांढऱ्या ठिपक्यावर ठेवलं. बोराएवढा होता.

"उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग असतात. यातला वरचा भाग काढायचा," त्या म्हणाल्या. "काखेखाली एवढा छेद, आणि कॅमेऱ्यासाठी आणखी दोन बारीक." त्यांनी दोन बोटं जुळवून दाखवली.

सुमन तोपर्यंत भिंतीकडच्या खुर्चीवर पदर घट्ट धरून बसली होती. आता तिनं तोंड उघडलं. "बाई, एक इचारू? गाठीले लोखंड लागलं का ते चवताळते म्हनतात. अंगभर फिरते म्हनतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. "काकू, गाठ फुटू नये ही काळजी आम्हालाही असते. म्हणून गाठीला सुरी लावतच नाही. ती ज्या भागात आहे तो भागच्या भाग सोडवायचा. मग आत एक पिशवी सोडायची, तो भाग पिशवीत भरायचा, तोंड आवळायचं आणि पिशवीसकट बाहेर ओढायचं. बाहेर येताना गाठ कुठे टेकत नाही."

"पिशवी आतमंदी नेता?"

"हो."

"छातीत?"

"छातीत."

सुमन विचार करत राहिली. कांद्याच्या ढिगात एखादा सडका निघाला तर ती त्याला कधी नुसतं उचलत नाही, कागदात गुंडाळून उचलते, बाकीच्यांना लागू देत नाही. "मंग ठीक हाय," ती म्हणाली. नेरहून आलेली भीती त्या पिशवीत गेली ती गेलीच.

मला वेगळीच शंका होती. एवढा मोठा भाग दोन बोटांच्या भोकातून निघेल कसा? डॉक्टरबाई म्हणाल्या, "फुफ्फुसात हवाच असते, काका. हवा सोडली की मुठीत मावतं."

"अन् नाई निघालं तं?"

"तर बरगड्या फाकवून मोठा छेद घ्यायचा. आत रक्त सुटलं तर मी क्षणभर थांबणार नाही. लहान छेदाचा मी हट्ट करत नाही." मग त्यांनी माझ्या श्वासाच्या तपासणीचा कागद पुढे ओढला. "पण तुमचं वय आहे, आणि हा श्वास. मोठा छेद घ्यावा लागला तर तुम्ही त्यातून नीट उठाल याची खात्री मला देता येत नाही. खरं सांगायचं तर आज या श्वासावर मी तुम्हाला लहान छेदासाठीही टेबलवर घेणार नाही."

हट्ट करत नाही, हे मला फार आवडलं. हट्टानं ओढणाऱ्या मिस्त्र्यांनी किती बोअर कायमचे बुजवले, ते मी पाहिलं आहे.

त्यांनी तीन आठवडे दिले. रोज चालायचं, जिने चढायचे, आणि एका प्लास्टिकच्या यंत्रावर श्वासाचा व्यायाम करायचा. यंत्रात तीन उभ्या नळकांड्या, प्रत्येकीत एक रंगीत बॉल, आणि तोंडात धरायला एक लवचीक नळी. बॉल वर उचलले गेले पाहिजेत. व्यायाम शिकवणारी मुलगी समजावून सांगत होती आणि मी "समजलं बाई, समजलं" म्हणत होतो. यंत्र दिसलं की मी सूचना ऐकत नाही. हा माझा कॅन्सरपेक्षा जुना रोग.

दुरुस्ती

घरी येऊन यंत्र टेबलावर ठेवलं, नळी तोंडात धरली आणि जोरात फुंकलं. एकही बॉल हलला नाही. पुन्हा फुंकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण बॉल जागच्या जागी. दोन दिवस मी फुंकत राहिलो. सुमन म्हणाली, "तोंड पाहा कसं लाल झालं. राहू द्या."

तिसऱ्या दिवशी माझ्यातला मिस्त्री जागा झाला. श्वास खराब नाही, माल खराब आहे. यंत्र उलटसुलट करून पाहिलं तर दुसऱ्या बाजूला हवा आत शिरायची बारीक भोकं होती. कारखान्यात नळी चुकीच्या तोंडाला बसवली, हे मला तत्काळ 'कळलं'. नळी उपटली, भोकांकडे बसवली आणि हवा गळू नये म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली. फुंकर मारली. तिन्ही बॉल टणकन वर.

घरात आनंदीआनंद. मंगेशनं फोनवर व्हिडिओ काढला. माझा मित्र हबीब आला. हबीबचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे; मी मोटर वर काढायची आणि त्यानं ती भरून द्यायची, असं आमचं तरुणपणापासून चालत आलं. त्यानंही फुंकून पाहिलं. "क्या बात है," तो म्हणाला. "कंपनीले कळव परभाकर, तुयं नाव छापतीन." आल्यागेल्याला मी यंत्र दाखवायचो आणि रोज तीनदा फुंकायचो, तीन आठवडे, एकही दिवस न चुकता.

नागपूरला पुन्हा श्वास मोजला. आकडा जिथल्या तिथे.

"काका, व्यायाम केला ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात शंका होती, ती मला झोंबली. मी पिशवीतून यंत्र काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्यांच्यासमोर तिन्ही बॉल उडवून दाखवले. त्यांनी यंत्र हातात घेतलं, फिरवलं. ट्यूबच्या पट्टीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे कोणी केलं?"

"म्या केलं. फुकायची नयी उलटी लागली होती."

त्यांनी व्यायामवाल्या मुलीला बोलावलं. तिनं यंत्र पाहिलं आणि ओठ दाताखाली धरले. मग फार हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, यात फुंकायचं नसतं. आत ओढायचं असतं. आत ओढलं की फुफ्फुस फुलतं, तोच व्यायाम."

खोलीत कोणी हसलं नाही, हेच मला जास्त लागलं. मंगेश खिडकीबाहेर पाहत होता. तीन आठवडे गाठ तिथेच बसून होती, आणि मी आवारात खेळ लावला होता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आणखी दोन आठवडे देते. त्यापुढे थांबणं मला योग्य वाटत नाही. तेवढ्यात श्वास सुधारला नाही तर ऑपरेशन सोडून रेडिएशनकडे जाऊ. तोही उपचारच आहे. पण तुमच्या गाठीसाठी मला ऑपरेशन जास्त बरं वाटतं."

हबीबला सांगितलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला. "पन्नास वर्सं बिडी वढली तुनं. तवा कोनी शिकवलं होतं का, आत वढायची का बाहेर फुकायची?" मग हसणं थांबलं आणि तो म्हणाला, "उद्या सकाळी साडेपाचले तयार राह्य. मी येतो."

तिसरा बॉल

नवं यंत्र आणलं. पहिल्या दिवशी जीव खाऊन ओढलं तेव्हा पहिला बॉल अर्ध्यापर्यंत आला आणि पडला. माझ्या श्वासाची खरी ऐपत तेवढी होती. मी यंत्र बाजूला सारलं. सुमन समोर तूर पाखडत बसली होती. तिनं यंत्र उचलून परत माझ्यापुढे ठेवलं. "चहा मांडला नाई अजून," ती म्हणाली. "एक बॉल वर टेकू द्या, मंग मांडतो."

रोज पहाटे हबीब दारात. बेंबळा धरणाच्या कालव्याच्या कडेनं आम्ही चालायचो. मी थांबलो की तोही थांबायचा, पण दम त्याला लागला आहे असं दाखवायचा. संध्याकाळी ओळखीच्या एका दुमजली घराचा जिना, वर-खाली, वर-खाली. त्या घरातली पोरं मला मोजायची. खोकला उसळायचा, बिडीची तलफ जीव घ्यायची. दोन दिवस तर मी सुमनशी इतका वाईट बोललो की आता लिहायलाही लाज वाटते.

नवव्या दिवशी दुसरा बॉल उचलला गेला. तेराव्या दिवशी मी नळी तोंडात धरली, डोळे मिटले आणि दोर ओढतो तसा श्वास ओढत गेलो. घाई केली नाही, हिसका दिला नाही. सुमनचं सूप थांबलं. डोळे उघडले तर तिसरा बॉल वर टेकलेला होता आणि थरथरत होता. माझ्या श्वासावर उभा होता तो. छातीत जन्मापासून चालणारी ही गोष्ट, कधी लक्ष दिलं नाही, आणि त्र्याहत्तराव्या वर्षी मी तिच्याकडे बघत बसलो होतो. सुमन चहा मांडायला उठली.

नागपूरला डॉक्टरबाई स्वतः माझ्या मागे तीन मजले चढल्या. मी कठड्याला हात लावला नाही, मधे थांबलो नाही. वर पोचल्यावर त्यांनी माझी नाडी धरली आणि म्हणाल्या, "मंगळवारी घेऊ."

कहा-सुना

निघायच्या दिवशी हबीब बसस्टँडवर आला. मंगेश पिशव्या चढवत होता, सुमन आत जाऊन बसली होती. हबीबनं माझे दोन्ही हात धरले. "कहा-सुना माफ कर परभाकर."

मी चिडलो. "मराले चाल्लो का मी?"

"आमच्यात हजले जातानीबी म्हनतात," तो म्हणाला. "लंबा सफर राह्यला का सामान हलकं करून जा लागते." मग तो खाली पाहत राहिला. "पह्यली बिडी म्याच देल्ली होती तुले. राळेगावच्या कामावर. तू नाई म्हनत होता. म्या म्हटलं, घे, मिस्त्री होशीन."

मला तो दिवस आठवत नव्हता. खरंच आठवत नव्हता. आणि हा माणूस दोन आठवडे रोज पहाटे साडेपाचला ते ओझं घेऊन माझ्याबरोबर कालव्यावर चालत होता.

"पह्यली तू देल्ली," मी म्हणालो. "बाकीच्या म्या मागतल्या." त्यानं माझे हात सोडले नाहीत. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला.

टेबलावर

मंगळवारी सकाळी मला आत नेलं. भूल देणारे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी सांगितलं, "उजवं फुफ्फुस आम्ही थोडा वेळ बंद ठेवणार. डावं एकटं दोघांचं काम करेल. काम झालं की उजवं परत फुलवायचं."

"माणूस चालू ठेवून?"

"माणूस चालू ठेवून," ते म्हणाले.

चालू मोटर मी कधी उघडली नाही, कोणाला उघडू दिली नाही. वरचे गोल दिवे पाहत मी पडून राहिलो. एक विचार मात्र डोक्यात घट्ट होता. जागा झालो तर आधी एकच गोष्ट विचारायची: लहान की मोठा?

जागा झालो तेव्हा विचारता येईना. घसा सुजलेला, तोंडावर हवेचा मास्क, उजवा हात नळ्यांनी जखडलेला. छातीच्या उजव्या बाजूला जड, बधिर काहीतरी होतं. ते वीतभर आहे की हातभर, कळायला मार्ग नव्हता. मी नर्सला खुणेनं विचारायचा प्रयत्न केला. तिला वाटलं पाणी मागतो आहे. "आत्ता नाही हं आजोबा," ती म्हणाली आणि ओलं बोट माझ्या ओठांवरून फिरवून गेली. त्या ओल्या बोटाचे उपकार मी विसरणार नाही, पण माझा प्रश्न तसाच राहिला.

मग दाराच्या काचेत मंगेश दिसला. त्याला आत येऊ देत नव्हते. त्यानं माझे डोळे उघडे पाहिले. मी भुवया उंचावल्या, एवढंच मला जमलं. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग त्यानं हात वर केला.

दोन बोटं. जुळवलेली.

मी रडलो. मास्कच्या आत श्वास ओला झाला. मोटर वर निघाली की शेतमालक नाचतात आणि मी बाजूला होऊन हात पुसतो, ही माझी रीत. त्या दिवशी हात पुसायची सोय नव्हती.

बाटली हातात घेऊन

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठवून उभं केलं. कुशीतून निघालेली नळी एका बाटलीत जात होती, तिच्यात बुडबुडे येत होते. ती बाटली हातात घेऊन मी वॉर्डात चाललो. दुखतं. दुखत नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खोकला आला की उशी छातीशी दाबून खोकायचं, हे त्या व्यायामवाल्या मुलीनं शिकवलं. या वेळी मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तिला म्हणून दाखवलं. ती हसली. माझं ते सायकल-ट्यूबवालं यंत्र तिनं ठेवून घेतलं आहे. नवीन पेशंटला आधी ते दाखवते आणि मग व्यायाम शिकवते, असं तिनंच सांगितलं.

बाजूच्या खाटेवर राजूरचे एक गृहस्थ होते, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. त्यांचं ऑपरेशन उद्यावर आलं होतं. सकाळपासून ते छताकडे पाहत पडून होते. मी बाटली घेऊन त्यांच्यापाशी गेलो. "कायले घाबरून राह्यले?" मी म्हणालो. "मी काल तिकडं होतो, आज तुमच्यापाशी चालत आलो." त्यांनी आधी बाटलीकडे पाहिलं आणि मग माझ्या पायांकडे. बराच वेळ पायांकडेच पाहत होते.

चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले आणि नळी निघाली. त्या दुपारी डॉक्टरबाई आल्या तेव्हा मी धीर करून विचारलं, आतलं काही पाहायला मिळेल का. त्यांनी मला त्यांच्या खोलीत नेऊन पडद्यावर ऑपरेशनचा थोडा भाग दाखवला.

माझं फुफ्फुस करड्या गुलाबी रंगाचं होतं आणि त्यावर काळे ठिपके होते. "बिड्या," त्या म्हणाल्या. शेजारी पातळ पापुद्र्याआड हृदय उडत होतं, आपल्याच नादात, कोणी बघतं आहे याची पर्वा न करता. दोन लांब काड्यांसारखी हत्यारं एकेक नस अशी सोडवत होती की माझा श्वास अडकला. एक चोचीसारखं हत्यार नसेवर मिटलं, दोन्हीकडे टाचण्या मारून मधे कापून गेलं. रक्ताचा थेंब नाही. मग पिशवी आली. घडी उलगडली, तोंड पसरलं, तुकडा आत सरकला. आणि मग तो दोन बोटांच्या वाटेनं, हळूहळू, जराही हिसका न देता, वर गेला.

"तुमाले दिसते," मी म्हणालो. "आमाले कवाच दिसलं नाई."

"न दिसता काढत होता तुम्ही, काका. मला ते जमणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असेल. मला बरं वाटलं.

गाठ पूर्ण निघाली होती आणि आसपासच्या ग्रंथींत काही सापडलं नाही, असा रिपोर्ट पुढे आला. तरी ठरावीक महिन्यांनी स्कॅन करायचा आहे. प्रत्येक वेळी त्याआधी झोप उडते, चिडचिड होते, सुमन भाकरी मोठ्यानं थापायला लागते. छातीची एक पट्टी अजून बधिर आहे. चढावर दम लागतो. कामं मी सोडली; हबीबच्या दुकानात खुर्चीवर बसून सल्ले देतो, तो ते ऐकत नाही.

आरसा

एक गोष्ट राहिली. घरी आल्यावर बरेच दिवस सुमननं माझ्या जखमेकडे पाहिलं नाही. औषध लावायचं, पट्टी बदलायची, सगळं मंगेशनं केलं. ती पाणी तापवून द्यायची, टॉवेल द्यायची आणि तोंड फिरवायची. मीही जखम पाहिली नव्हती. ती काखेखाली मागच्या अंगाला होती, मान वळवली तरी दिसायची नाही.

टाके सुकल्यावर पहिली पूर्ण आंघोळ करायची परवानगी मिळाली. अंगणात पाटावर बसलो. सकाळचं ऊन भिंतीवर होतं, मी सावलीत. सुमन पाठ चोळत होती. तिचा हात खाली येता येता थांबला. "कोठी हाय?" तिनं विचारलं.

"तिथंच असंन."

"दिसत नाई." ती उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात माझा आरसा होता, कामाचा, कोपरा उडालेला. चाळीस वर्षं तिनं मला तो पिशवीत भरताना पाहिलं होतं. ती उन्हात उभी राहिली आणि आरसा फिरवू लागली. उन्हाचा तुकडा भिंतीवरून धावला, तुळशीवरून गेला, माझ्या खांद्यावर आला आणि बरगड्यांवर येऊन थांबला.

ती आरसा तसाच धरून जवळ वाकली. तिच्या मनात इतके दिवस केवढी जखम होती कोण जाणे. तिनं दोन बोटं जुळवली आणि त्या खुणेवर ठेवून पाहिली. बरोबर मावली.

"एवढंच?" ती म्हणाली.

मी हात वर धरून, मान वाकवून पाहिलं. खूण मला दिसली नाही. पण ऊन दिसलं. माझ्या श्वासाबरोबर ते वर जात होतं आणि खाली येत होतं.

सुमननं आरसा हलू दिला नाही.

"श्वास घ्या," ती म्हणाली. "अजून एक घ्या."